छोट्या उपग्रहांच्या चाचणी विभागात इंटर्नशिप: अर्जापासून अहवालापर्यंत

हा लेख डिप्लोमा, बीई, बीटेक किंवा बीएस्सी करणाऱ्या आणि क्यूबसॅटसारख्या (साधारण १० सेंटिमीटरच्या घनाच्या आकाराच्या) छोट्या उपग्रहांचे काम शिकू पाहणाऱ्या विद्यार्थ्यांसाठी आहे. सगळ्यांचा ओढा डिझाइनकडे असतो, पण शिकाऊ विद्यार्थ्याला प्रत्यक्ष हात लावायला मिळतो तो चाचणीत. सेन्सर चिकटवणे, केबल बांधणे, रात्रभर तापमानाच्या नोंदी घेणे, आलेख काढणे ही कामे सहा-आठ आठवड्यांत नीट शिकता येतात आणि ती करताना अख्खा उपग्रह समजतो.

एक सवय पहिल्या दिवसापासून लावून घ्या. कोणतेही बटण दाबण्याआधी अपेक्षित आकडा वहीत लिहा: बॅटरी किती व्होल्ट दाखवेल, पहिली अनुनाद वारंवारता (जिथे वस्तू सर्वाधिक हलते ती) कुठे येईल, निर्वात पेटी किती वेळात थंड होईल. आकडा आधी लिहिलेला नसेल, तर मशीनवर दिसणारा कोणताही आकडा बरोबरच वाटतो आणि दोष डोळ्यांसमोरून निघून जातो.

संधी कुठे आहेत

इस्रोच्या केंद्रांमध्ये विद्यार्थ्यांसाठी दोन मार्ग आहेत. पहिला इंटर्नशिपचा, जास्तीत जास्त ४५ दिवसांचा. दुसरा प्रोजेक्ट ट्रेनीचा. त्यात बीई-बीटेकच्या विद्यार्थ्याचे सहावे सत्र पूर्ण झालेले असावे लागते आणि कालावधी किमान ४५ दिवसांचा असतो. एमई-एमटेकसाठी किमान १२० दिवस. दोन्हींसाठी किमान ६० टक्के किंवा १० पैकी ६.३२ सीजीपीए ही अट आहे. मानधन धरून चालू नका, राहण्या-जेवण्याची सोयही बहुधा स्वतःच करावी लागते. प्रत्येक केंद्र आपल्या संकेतस्थळावर स्वतंत्र सूचना काढते आणि जागा केंद्राच्या गरजेप्रमाणे ठरतात, त्यामुळे अर्ज भरण्याआधी त्या केंद्राची चालू सूचना पूर्ण वाचा.

कोणत्या केंद्रात काय चालते हे माहीत असेल तर अर्ज नेमका होतो. उपग्रहांची जुळणी आणि चाचणी म्हटले की बेंगळुरूचे यू. आर. राव उपग्रह केंद्र. मोठ्या चाचण्या त्यांच्या मारतहळ्ळीच्या आयसाइट परिसरात होतात. अहमदाबादचे स्पेस ॲप्लिकेशन्स सेंटर कॅमेरे आणि दळणवळणाची उपकरणे बनवते. तिरुवनंतपुरमचे विक्रम साराभाई केंद्र प्रक्षेपकांचे आहे. क्यूबसॅटची आवड आहे म्हणून तिन्ही ठिकाणी एकच पत्र पाठवणाऱ्याला सहसा कुठूनच उत्तर येत नाही.

दुसरा रस्ता आपल्याच कॉलेजच्या गटाचा, आणि बहुतेकांसाठी तोच जास्त चांगला. पुण्याच्या सीओईपीच्या विद्यार्थ्यांचा ९९० ग्रॅमचा 'स्वयम्' २२ जून २०१६ रोजी पीएसएलव्ही-सी३४ वरून गेला. आयआयटी मुंबईचा 'प्रथम' त्याच वर्षी २६ सप्टेंबरला सी३५ वरून गेला. आता तर वेगळा उपग्रह बनवण्याचीही गरज नाही. पीएसएलव्हीचा चौथा टप्पा काम संपल्यावर कक्षेतच प्रयोगमंच म्हणून वापरतात, त्याला पोएम म्हणतात. मुंबईच्या के. जे. सोमय्या इन्स्टिट्यूट ऑफ टेक्नॉलॉजीचे 'बिलीफसॅट-०' जानेवारी २०२४ मध्ये पोएम-३ वर होते. डिसेंबर २०२४ च्या पोएम-४ वर पुण्याच्या एमआयटी-डब्ल्यूपीयूचे आणि मुंबईच्या ॲमिटी विद्यापीठाचे उपकरण होते. अशा मंचावर वीज, दिशा आणि कक्षा मंचाची असते. तुम्ही फक्त उपकरण करता. चाचण्या मात्र करायच्याच असतात. आपल्या कॉलेजात गट नसेल तर जवळच्या ज्या कॉलेजात आहे तिथल्या प्राध्यापकांना भेटा. पत्रापेक्षा भेटीचा उपयोग जास्त.

तिसरा रस्ता खासगी कंपन्यांचा. बेंगळुरूची पिक्सेल, हैदराबादची ध्रुव स्पेस अशा कंपन्यांत काम वेगाने होते आणि प्रश्न विचारायला थेट अभियंते असतात. अहमदाबादला बोपलमध्ये इन-स्पेसचे (खासगी अवकाश कामांसाठीच्या सरकारी संस्थेचे) तांत्रिक केंद्र आहे. कंपन्या आणि संस्था तिथे कंपन व उष्ण-निर्वात चाचण्या करून घेऊ शकतात. याशिवाय फी घेऊन ऑनलाइन प्रमाणपत्र देणाऱ्या 'अवकाश इंटर्नशिप' बऱ्याच आहेत. पैसे भरण्याआधी एकच प्रश्न विचारा: मला कोणत्या यंत्रावर, किती दिवस, स्वतःच्या हाताने काम करायला मिळेल? उत्तर गोलमोल आले तर पैसे जपून ठेवा आणि त्यातून एक चांगला सोल्डरिंग आयर्न घ्या.

परदेशात शिकणाऱ्यांसाठी सूचना: नासाच्या विद्यार्थी इंटर्नशिपला अमेरिकी नागरिकत्व लागते. युरोपीय अवकाश संस्थेच्या इंटर्नशिपला सदस्य किंवा सहयोगी देशाचे नागरिकत्व लागते, तिथे शिकत असणे पुरेसे नाही. भारतीय पारपत्रावर तिकडच्या विद्यापीठांच्या क्यूबसॅट प्रयोगशाळा हाच सोपा मार्ग आहे.

अर्ज

हवी ती तारीख डोळ्यांसमोर ठेवून तीन-चार महिने आधी सुरुवात करा. कॉलेजचे शिफारसपत्र, बोनाफाइड, सर्व सत्रांच्या गुणपत्रिका, ओळखपत्र आणि एका पानाचा बायोडेटा एवढे तयार ठेवा. शिफारसपत्रावर कालावधीच्या तारखा स्पष्ट हव्यात. 'उन्हाळी सुट्टीत' असे लिहिलेले पत्र परत येते.

पत्रात अवकाशाची लहानपणापासून आवड आहे हे लिहू नका, ती सगळ्यांनाच असते. काय करता येते ते लिहा. 'ॲक्सेलरोमीटरच्या नोंदींवरून पायथनमध्ये पीएसडी काढतो, ०.५ मिलिमीटर अंतराच्या पायांची चिप हाताने सोल्डर करतो, चाचणीची कार्यपद्धती लिहिली आहे, सोबत नमुना जोडला आहे' अशी दोन वाक्ये पुरतात. (पीएसडी म्हणजे कोणत्या वारंवारतेला किती कंपन आहे ते दाखवणारा आलेख.) नमुना खरोखर जोडा. दोन पानांचा, आकृती आणि एकके नीट असलेला छोटा अहवाल मार्गदर्शक शास्त्रज्ञाला तुमच्या गुणपत्रिकेपेक्षा जास्त सांगतो.

जाण्याआधीचे सहा आठवडे

ऑसिलोस्कोप, मल्टिमीटर, मर्यादित प्रवाहाचा पॉवर सप्लाय आणि सोल्डरिंग एवढे हातात बसलेले असावे. पायथन येत असेल तर उत्तम. त्याशिवाय दोन सराव घरी करून जा.

पहिला सराव कंपनाचा. नासाच्या जीईव्हीएस या दस्तऐवजातील रँडम कंपनाची (सगळ्या वारंवारता एकाच वेळी असलेल्या) पात्रता पातळी अशी: २० हर्ट्झला ०.०२६ जी वर्ग प्रति हर्ट्झ (जी म्हणजे गुरुत्व त्वरण), तिथून ५० हर्ट्झपर्यंत दर सप्तकाला, म्हणजे वारंवारता दुप्पट होताना, ६ डेसिबल चढ, ५० ते ८०० हर्ट्झ सपाट ०.१६, आणि पुढे २००० हर्ट्झपर्यंत तसाच उतार, शेवटी परत ०.०२६. या आलेखाखालचे क्षेत्रफळ काढायचे. ६ डेसिबलचा चढ म्हणजे वारंवारतेच्या वर्गाच्या प्रमाणात वाढ, त्यामुळे पहिल्या तुकड्याचे क्षेत्रफळ सुमारे २.५ येते. मधला तुकडा ०.१६ गुणिले ७५०, म्हणजे १२०. शेवटचा ७६.८. बेरीज १९९.३, वर्गमूळ १४.१ जी आरएमएस (कंपनाची एकूण सरासरी तीव्रता). हा आकडा स्वतःच्या हाताने एकदा काढलेला असला की शेकरच्या (कंपन देणाऱ्या यंत्राच्या) पडद्यावर १४.१ दिसल्यावर तो कुठून आला ते कळते. आणि १४.१ हेच शिखर नसते हेही: रँडममध्ये झटके आरएमएसच्या तिप्पट जातात, म्हणजे सुमारे ४२ जी.

दुसरा सराव रेडिओचा. एक स्वस्त आरटीएल-एसडीआर (संगणकाला जोडायचा रेडिओ ग्राहक) घ्या आणि आंतरराष्ट्रीय अवकाश स्थानकाचा ४३७.८०० मेगाहर्ट्झवरचा हौशी रेडिओ रिपीटर ऐका. स्थानक वर येताना सिग्नल साधारण १० किलोहर्ट्झ वर सरकलेला आणि जाताना तेवढाच खाली दिसतो. डॉप्लरचे गणित आधी करून अपेक्षित सरक लिहा, मग मोजा. प्रक्षेपण करायचे असेल तर दूरसंचार विभागाच्या डब्ल्यूपीसी शाखेचा हौशी रेडिओ परवाना लागतो. वयाची १२ वर्षे पूर्ण झालेल्यांना ही परीक्षा देता येते. कॉलेजच्या उपग्रह गटात निदान दोघांकडे तो असावाच.

क्लीनरूम आणि स्थिर वीज

पहिला आठवडा बहुधा इथेच जातो. माणसाला स्थिर विजेचा झटका जाणवतो तेव्हा ती साधारण ३००० व्होल्टच्या वर असते. काही चिप मात्र १०० व्होल्टलाच मरतात. म्हणजे काही जाणवले नाही याचा अर्थ काही झाले नाही असा होत नाही. बरेचदा चिप लगेच मरतही नाही, अर्धवट जखमी होते आणि थर्मोव्हॅकमध्ये (निर्वातातल्या उष्ण-थंड चाचणीत) तिसऱ्या दिवशी बंद पडते.

मनगटाचा ईएसडी (स्थिर वीज जमिनीत सोडणारा) पट्टा कातडीला टेकलेला हवा, बाहीवरून नाही. त्यात १ मेगाओहमचा रोध असतो. चुकून जिवंत तारेला हात लागला तर प्रवाह मर्यादित राहावा म्हणून. तो रोध काढून थेट तार जोडणे धोक्याचे आहे. रोज आत जाताना टेस्टरवर पट्टा तपासा आणि नोंदवहीत सही करा. सही करायची म्हणून करू नका; पट्ट्याची तार आतून तुटलेली असणे ही नेहमीची गोष्ट आहे.

पावडर, अत्तर, हातावरचे क्रीम, केसांचे तेल, कपाळावरचे कोरडे कुंकू किंवा भस्म, हे सगळे त्या दिवसांपुरते घरी. तेलाची वाफ निर्वातात उडून कॅमेऱ्याच्या भिंगावर बसते. अंगठ्या, बांगड्या, गळ्यातली साखळी काढून ठेवा, कारण बॅटरीच्या टोकांवर धातू पडला तर तो लाल होईपर्यंत तापतो. पेन्सिल नेऊ नका. शिशाची भुकटी वीज वाहते. आर्द्रता साधारण ४० ते ६० टक्के राखतात. कमी झाली की स्थिर वीज वाढते, जास्त झाली की गंज आणि दव.

उपग्रह हातात येतो तेव्हा

आधी फोटो, सहाही बाजूंचे. मग वजन आणि मापे. १ यू (एकाच घनाच्या) क्यूबसॅटची रुंदी १०० मिलिमीटर, लांबी ११३.५ मिलिमीटर, दोन्हींना ०.१ मिलिमीटरची सूट. कोपऱ्यांवरच्या रेल किमान ८.५ मिलिमीटर रुंद, हार्ड ॲनोडाइज केलेल्या. वस्तुमानाची मर्यादा क्यूबसॅट मानकाच्या १४ व्या आवृत्तीत २ किलो आहे, आधीच्यात १.३३ होती, सोडयंत्र (उपग्रह कक्षेत सोडणारी पेटी) कोणाचे आहे त्यावर कोणती लागू ते ठरते. गुरुत्वमध्य भौमितिक मध्यापासून २ सेंटिमीटरच्या आत हवा.

रेल एकाच जागी मोजून थांबू नका. वर, मध्ये, खाली अशा तीन जागी मोजा. चौकट जुळवताना स्क्रू एका बाजूने कसले गेले तर ती किंचित पिळते आणि मध्यावरचे माप बरोबर असूनही उपग्रह सोडयंत्रात अडकतो. स्क्रू समोरासमोर, दोन फेऱ्यांत, टॉर्क रेंचने कसायचे. कसून झाले की डोक्यावरून चौकटीवर रंगाची बारीक रेघ ओढायची. कंपनानंतर रेघ तुटलेली दिसली की कोणता स्क्रू फिरला ते लगेच कळते.

यानंतर कार्य चाचणी. दोन लिथियम-आयन सेल एकापुढे एक जोडले असतील तर पूर्ण भारित ८.४ व्होल्ट. ऑन केल्यावरचा प्रवाह, प्रत्येक सेन्सरचे तापमान, रेडिओची शक्ती, सगळ्यांचे अपेक्षित आकडे तक्त्यात आधी, मोजलेले शेजारी. हाच तक्ता पुढे प्रत्येक चाचणीआधी आणि नंतर भरायचा असतो. तो अर्ध्या तासात भरून होईल एवढाच ठेवा, नाहीतर रात्री दोन वाजता कोणीही तो पूर्ण भरत नाही.

सोडयंत्राच्या स्विचची तपासणी इथेच करा. मानकाप्रमाणे स्विच सुटल्यापासून ३० मिनिटे अँटेना उघडायची नाही आणि सोडल्यापासून ४५ मिनिटे रेडिओवर बोलायचे नाही. मधेच स्विच पुन्हा दाबला गेला तर दोन्ही घड्याळे शून्यावर गेली पाहिजेत. म्हणून विसाव्या मिनिटाला स्विच दाबा, सोडा आणि पुन्हा पूर्ण वेळ थांबा. चाचणीसाठी सॉफ्टवेअरमध्ये ४५ ऐवजी १ मिनिट करून ठेवायचे आणि तसेच विसरायचे, ही चूक फार सहज होते. शेवटची तपासणी नेहमी उड्डाणाच्याच सॉफ्टवेअरवर, पूर्ण ४५ मिनिटे घड्याळ लावून करा.

कंपन चाचणी

सगळ्यात जास्त नुकसान इथे होते, आणि ते बहुधा उपग्रहामुळे नव्हे तर तयारीतल्या घाईमुळे.

आधी पातळी कोणती ते ठरवा. जीईव्हीएसची १४.१ जी ही प्रक्षेपक ठरलेला नसताना वापरायची सर्वसाधारण पातळी आहे: पात्रता चाचणीला (डिझाइन सिद्ध करणाऱ्या) प्रत्येक अक्षात २ मिनिटे, स्वीकृती चाचणीला (उड्डाणाचा नग तपासणाऱ्या) १० जी आरएमएसवर १ मिनिट. प्रक्षेपक ठरला असेल तर त्याच्याच कागदातले आकडे घ्या. उड्डाणाच्या एकमेव उपग्रहावर पात्रता पातळी लावणे म्हणजे त्याचे आयुष्य जमिनीवरच खर्च करणे.

मग शेकरला ते झेपेल का बघा. उपग्रह १.३ किलो, तो ज्यात बसवतात ती चाचणीची पेटी ३, शेकरवर पेटी धरणारी फिक्स्चर प्लेट ८ आणि शेकरचा हलणारा भाग ५ किलो धरला तर एकूण १७.३ किलो. गुणिले १४.१ गुणिले ९.८१, म्हणजे सुमारे २४०० न्यूटन आरएमएस. आडव्या अक्षात घसरपट्टीचे टेबल जोडले आणि ते ३० किलोचे असेल तर हाच आकडा ६५०० च्या वर जातो. उभ्या अक्षात व्यवस्थित चाललेली चाचणी आडव्यात मधेच बंद पडते ती याच कारणाने.

रिकामी फिक्स्चर आधी हलवून बघा. तिची स्वतःची अनुनाद वारंवारता २००० हर्ट्झच्या आत असेल तर उपग्रहाच्या आलेखात तिचे शिखर दिसेल आणि दोष कोणाचा ते कळणार नाही.

सेन्सर लावणे हे बहुतेक वेळा इंटर्नचे काम. पृष्ठभाग आयसोप्रोपिल अल्कोहोलने पुसा, कॅप्टन टेप लावा, त्यावर सायनोॲक्रिलेटचा एक थेंब आणि सेन्सर. टेपमुळे काढताना रंग किंवा ॲनोडायझिंग निघत नाही. केबल सेन्सरपासून दोन-तीन सेंटिमीटरवर टेपने बांधा. मोकळी केबल फडफडते आणि कमी वारंवारतेत खोटी शिखरे दाखवते. प्रत्येक सेन्सरचा क्रमांक, जागा, बाणाची दिशा आणि चॅनेल यांचा फोटोसह तक्ता करा.

आता संवेदनशीलता. १०० मिलिव्होल्ट प्रति जीचा सेन्सर आणि १० चा सेन्सर दिसायला सारखेच असतात. नियंत्रक सेन्सर १० चा असताना सॉफ्टवेअरमध्ये १०० भरले तर नियंत्रकाला खऱ्या हालचालीचा दहावा हिस्सा दिसतो, तो जोर वाढवत जातो आणि उपग्रह दहापट हलतो. म्हणून प्रत्येक चॅनेल हातात धरायच्या कॅलिब्रेटरवर तपासा. तो साधारण १५९ हर्ट्झला १ जी देतो आणि पडद्यावर १ जी दिसलेच पाहिजे. हे काम पाच मिनिटांचे आहे. ते न करता कुणी सुरुवात करत असेल, तर इंटर्न असलात तरी 'सर, एकदा कॅलिब्रेटर लावून बघूया का?' असे विचारा. चांगल्या प्रयोगशाळेत त्याबद्दल कोणी रागावत नाही.

क्रम असा ठेवतात: कमी पातळीचा साइन स्वीप (एकेक वारंवारता क्रमाने देणे), मग रँडम, मग पुन्हा तोच स्वीप. स्वीप ०.२५ किंवा ०.५ जी, ५ ते २००० हर्ट्झ, मिनिटाला २ सप्तके. एकूण सव्वाचार मिनिटांहून थोडा जास्त वेळ. रँडम एकदम पूर्ण पातळीवर लावू नका. उणे १२ डेसिबल, उणे ६, उणे ३ आणि मग पूर्ण. प्रत्येक पायरीवर आलेख सहनमर्यादेत, म्हणजे अधिक-उणे ३ डेसिबलमध्ये आहे का बघा आणि सेन्सरचे आकडे आधीच्या पायरीच्या प्रमाणात वाढले का ते तपासा. ६ डेसिबलने आरएमएस दुप्पट व्हायला हवे. एखादा सेन्सर तिप्पट दाखवत असेल तर तो सुटतो आहे किंवा तिथे काहीतरी आपटते आहे.

नंतरचा स्वीप आधीच्या स्वीपवर ठेवून बघा. वारंवारता ५ टक्क्यांहून जास्त किंवा उंची २० टक्क्यांहून जास्त बदलली तर थांबून कारण शोधायचे. इथे क्यूबसॅटची एक अडचण आहे. उपग्रह पेटीत बोल्टने आवळलेला नसतो, रेलमध्ये स्प्रिंगने दाबलेला असतो. रेल आणि पेटीतली बारीक फट पहिल्या जोरदार रँडममध्ये बदलते, उपग्रह नव्याने बसतो आणि वारंवारता सरकते. तुटले काहीच नसते. म्हणून पहिल्या स्वीपआधी कमी पातळीचा एक छोटा रँडम देऊन उपग्रहाला बसू द्या. तरीही सरक दिसली तर पेटीवरचा सेन्सर आणि आतल्या सर्किट बोर्डावरचा सेन्सर वेगळे वाचा. बोर्डाचे शिखर जागेवर आणि पेटीचे सरकलेले असेल तर फटीचा प्रश्न. बोर्डाचेच खाली घसरले असेल तर सैल झालेला स्टँडऑफ (बोर्ड धरणारा खांब) किंवा तडा गेलेला सोल्डर जोड शोधा.

शेवटी उपग्रह बाहेर काढून हळूच कलंडवा आणि कान लावा. आत काही खुळखुळले का, स्क्रूभोवती काळी-करडी भुकटी आहे का, रंगाच्या रेघा अखंड आहेत का. मग कार्य चाचणीचा तक्ता.

थर्मोव्हॅक

निर्वातात हवा नसते, म्हणून पंख्याने किंवा वाऱ्याने निघून जाणारी उष्णता निघत नाही. टेबलावर तासन्‌तास चालणारा रेडिओ निर्वात पेटीत दहा मिनिटांत तापतो. ही चाचणी मुख्यतः ते पाहण्यासाठी असते.

त्याआधी बेक-आउट: ६० अंश सेल्सियसवर, तापमान स्थिरावल्यानंतर किमान ६ तास, निर्वातात. प्लॅस्टिक, गोंद, वेष्टने यांतून सुटणारे वायू निघून जावेत म्हणून. सामान निवडताना एकूण वजनघट १ टक्क्याच्या आत आणि पुन्हा साचणारा भाग ०.१ टक्क्याच्या आत असा नियम पाळतात. साधी पीव्हीसी वायर, नेहमीचा सेलोटेप आणि बाजारातले उष्ण गोंद यात बसत नाहीत. 'फक्त चाचणीपुरते' म्हणून लावलेला टेपही पेटी घाण करतो.

थर्मोकपल (तापमान मोजणारा तारेचा सेन्सर) टेपखाली नीट दाबलेले हवे. मणी किंचित उचलला गेला तर ते उपग्रहाचे नव्हे, समोरच्या थंड भिंतीचे तापमान सांगते. कॅप्टन टेपवर ॲल्युमिनियम टेपचा तुकडा लावल्याने हे टळते. दार लावण्याआधी प्रत्येक थर्मोकपलला बोटाने ऊब द्या आणि पडद्यावर तोच क्रमांक हलतो का बघा. अदलाबदल झालेली दोन थर्मोकपल दार बंद झाल्यावर सापडणे फार महाग पडते.

तारांचाही हिशेब करा. २६ एडब्ल्यूजी (जाडीचा क्रमांक) तारेचा रोध मीटरला सुमारे ०.१३ ओहम. ३ मीटर लांब हार्नेस, जाऊन-येऊन ६ मीटर, म्हणजे ०.८ ओहम, अर्धा अँपिअर घेतला की ०.४ व्होल्ट वाटेतच गेले. बाहेर ८.४ लावून आत ८ पोहोचतात आणि बॅटरी अर्धवट भारित होते. व्होल्टेज मोजायला वेगळ्या दोन तारा आत न्या.

पंप सुरू असताना, दाब १ मिलिबारच्या आसपास असतो तेव्हा रेडिओ आणि जास्त व्होल्टेजची सर्किटे बंदच ठेवा. त्या दाबात विरळ वायूतून वीज उडी मारते आणि रेडिओचा ॲम्प्लिफायर जळू शकतो. १० चा उणे ५ वा घात मिलिबारखाली गेल्यावर चक्रे सुरू करा. तापमानाची टोके उष्णतेच्या गणितातून येतात. अनेक क्यूबसॅट उणे २० ते अधिक ५० अंशांत तपासले जातात. बदल मिनिटाला १-२ अंशांहून जलद नको. टोकावर पोहोचल्यावर घड्याळ लगेच सुरू करायचे नाही. उपग्रहाचे तापमान तासाला १ अंशापेक्षा कमी बदलू लागले की मगच थांबण्याचा वेळ मोजायचा. बॅटरी ० अंशाखाली असताना चार्ज करू नका. लिथियम धातू साचतो आणि सेल कायमचा बिघडतो. थंड टोकाला अँटेना उघडण्याची चाचणी जरूर करा. अँटेना बांधून ठेवणारा नायलॉनचा दोरा जाळणारी तार खोलीत तीन सेकंदांत काम करते म्हणून उणे २० ला तेवढ्यातच करेल असे नाही.

रात्रपाळी बहुधा इंटर्नकडे येते. दर अर्ध्या तासाला दाब, भिंतीचे तापमान, सर्व थर्मोकपल, उपग्रहाच्या मुख्य वीजवाहिनीचे (बसचे) व्होल्टेज आणि प्रवाह लिहा, संगणक नोंदी ठेवत असला तरीही. नोंद पेनने. चूक झाली तर एक आडवी रेघ, शेजारी बरोबर आकडा आणि सही, व्हाइटनर नाही. पाळी बदलताना तोंडी सांगून जाऊ नका, पुढच्या माणसाबरोबर तक्ता वाचून दोघांच्या सह्या घ्या.

पेटी उघडताना कोरडा नायट्रोजन सोडा आणि सगळी थर्मोकपल खोलीच्या तापमानाच्या वर येईपर्यंत दाराला हात लावू नका. पावसाळ्यात मुंबई-कोकणात बाहेरच्या हवेचा दवबिंदू २४-२५ अंशांच्या आसपास असतो. २० अंशांचा उपग्रह अशा हवेत आला की बोर्डावर पाणी धरते.

रेडिओची जोडणी

प्रत्यक्ष भूकेंद्राच्या सॉफ्टवेअरनेच उपग्रहाशी बोला, वेगळ्या चाचणी प्रोग्रॅमने नाही. अँटेनाऐवजी केबल आणि ॲटेन्युएटर (सिग्नल क्षीण करणारा) लावायचे. १ वॉट म्हणजे ३० डीबीएम (१ मिलिवॉटच्या तुलनेत डेसिबल). ८० डेसिबल ॲटेन्युएशन दिले की एसडीआरला उणे ५० मिळतात. पहिला ॲटेन्युएटर किमान २ वॉट सहन करणारा हवा. अँटेना किंवा लोड न जोडता ट्रान्समीटर चालू केला तर ऊर्जा परत येऊन ॲम्प्लिफायर जळतो. म्हणून बोर्डावर लाल फीत बांधून ठेवतात, ती उगाच काढू नका.

अहवाल आणि निरोप

अहवाल शेवटच्या आठवड्यावर ढकलू नका. प्रत्येक चाचणीच्या दिवशीच तिचे पान लिहा: उद्देश, मांडणीचा फोटो, अपेक्षित आकडे, मिळालेले आकडे, फरक, आणि फरकाचे कारण. कारण सापडले नसेल तर 'कारण अद्याप सापडलेले नाही' असे स्पष्ट लिहा आणि काय काय तपासले ते खाली द्या. 'चाचणी यशस्वी' एवढेच असलेला अहवाल पुढच्या माणसाला निरुपयोगी असतो. आलेखाच्या दोन्ही अक्षांवर एकके, फाइलच्या नावात तारीख, अक्ष आणि पातळी. कच्च्या नोंदींना हात लावायचा नाही. गाळलेली प्रत वेगळी ठेवायची.

सरकारी केंद्रात फोन, पेन ड्राइव्ह, लॅपटॉप आत नेण्यावर बंधने असतात आणि आतली माहिती बाहेर न्यायला परवानगी लागते. कॉलेजला द्यायच्या अहवालाचा मसुदा मार्गदर्शकांकडे किमान दहा दिवस आधी द्या, मंजुरीला वेळ लागतो. फोटो समाजमाध्यमांवर टाकण्याआधी लेखी विचारा.

जाताना फिक्स्चरची रेखाचित्रे, पीएसडीचा प्रोग्रॅम आणि सेन्सरच्या जागांचा तक्ता मार्गदर्शकांच्या फोल्डरमध्ये ठेवा, सोबत अर्ध्या पानाची टीप: कोणती केबल नीट चालत नाही, कोणता थर्मोकपल चॅनेल दोन अंश जास्त दाखवतो, टॉर्क रेंच शेवटचा कधी तपासला. पट्टा, टोपी, ओळखपत्र परत करून पावती घ्या. काही केंद्रांत ती दिल्याशिवाय प्रमाणपत्र निघत नाही.